पाच गावांचा खासदार आणि दख्खनचा कोट

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या सर्व मराठी बंधुभगिनींस,

स.न.वि.वि.

दर गणपतीत आपण भेटतो आणि आरती-प्रसादानंतर पुढच्या सहलीचा विषय निघतो. एडिंबराचा किल्ला, लॉख नेस आणि स्काय आता जवळजवळ सगळ्यांचे पाहून झालेत. यंदा मला वेगळी सहल सुचवायची आहे आणि तेवढ्यासाठीच हे पत्र जाहीरपणे लिहितोय. जिथे जायचं त्या जागेला नकाशावर आज नाव नाही. तो एक मतदारसंघ होता, १९५० साली मोडीत निघाला. नाव होतं मॉन्ट्रोझ बरोज.

बरो म्हणजे राजाची सनद मिळालेलं व्यापारी गाव. अशी पाच गावं मिळून हा मतदारसंघ झाला होता. मॉन्ट्रोझ आणि आर्ब्रोथ ही समुद्रकाठची, ब्रीकिन आणि फोर्फर आतल्या अंगाला, आणि पार उत्तरेला, वेगळ्या काउंटीत, छोटंसं इन्व्हरबर्व्ही. ही गावं एकमेकांना लागून नव्हती. मधली खेडी, शेतं आणि कुरणं काउंटीच्या मतदारसंघात, आणि ही पाच ठिपक्यांसारखी गावं तेवढी या मतदारसंघात. वाई, कराड, फलटण, बार्शी आणि घाटाखालचं चिपळूण एवढ्या शहरांचा मिळून एक खासदार, मधल्या खेड्यांचा दुसराच, अशी कल्पना करून बघा. स्कॉटलंडमधल्या बऱ्याच शहरांची व्यवस्था जवळजवळ अडीचशे वर्षं अशीच होती.

तिचं मूळ स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या १७०७ च्या विलीनीकरणात आहे. त्याआधी स्कॉटलंडच्या स्वतःच्या संसदेत प्रत्येक राजसनदी गाव आपला प्रतिनिधी पाठवत असे. विलीनीकरणानंतर लंडनच्या संसदेत स्कॉटलंडला एकूण ४५ जागा मिळाल्या, त्यातल्या १५ शहरांना. एडिंबराला एक स्वतंत्र, बाकीच्या पासष्ट गावांचे चौदा गट. मॉन्ट्रोझ, आर्ब्रोथ, ब्रीकिन आणि इन्व्हरबर्व्ही यांची मोट ॲबरडीनशी बांधली गेली. मत कोण देणार? गावकरी नव्हेत. प्रत्येक गावाची कौन्सिल एक प्रतिनिधी निवडणार, ते पाच प्रतिनिधी एकत्र बसून खासदार ठरवणार. आपल्याकडे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मिळून विधान परिषदेचा आमदार निवडतात, ती निवडणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना यात काय काय घडत असेल ते सांगायला नको. शिवाय तेव्हाच्या कौन्सिलचे सदस्य बहुतेक आपापले वारसही आपणच नेमत. गावाची किल्ली चार-दोन घरांच्या कंबरेला असे.

आपला संबंध इथूनच सुरू होतो. जोसेफ ह्यूम हा मॉन्ट्रोझचा मुलगा. जन्म १७७७. वडील जहाजावर, ते लवकर गेले. आईने गावात मातीची भांडी विकून मुलांना वाढवलं. तेराव्या वर्षी तो एका शल्यवैद्याच्या हाताखाली लागला, एडिंबरात वैद्यक शिकला आणि ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन होऊन हिंदुस्थानात आला. फारसी आणि हिंदुस्थानी भाषा शिकला. लॉर्ड लेकने मराठ्यांवर मोहीम काढली तेव्हा कंपनीच्या दारूगोळ्याला ओल लागल्याचं उघडकीला आलं, आणि ती दारू धोका न होता चटकन वाळवायची युक्ती या ह्यूमने काढली. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आपल्या लोकांवर उडालेल्या दारूत मॉन्ट्रोझच्या भांडीवालीच्या मुलाचा हात होता, हे मला कळलं त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. पुढे तो सुमारे चाळीस हजार पौंड गाठीला बांधून मायदेशी परतला. त्या काळी ही केवढी रक्कम होती याचा अंदाज तुम्हीच करा.

१८१८ मध्ये त्या जुन्या गटातून हाच ह्यूम संसदेत गेला. मॉन्ट्रोझचे नगराध्यक्ष, इथल्या भाषेत प्रोव्होस्ट, जेम्स बर्न्स त्याच्या बाजूने उभे होते. १८२१ मध्ये बर्न्स यांचे दोन मुलगे कंपनीच्या नोकरीत मुंबईला येऊन दाखल झाले, आणि त्यांच्यासाठी खटपट करणारा होता ह्यूम. त्यातला धाकटा अलेक्झांडर पुढे काबूलमध्ये मारला गेला तो प्रसिद्ध बर्न्स. थोरला जेम्स कच्छमध्ये भुजला आणि नंतर मुंबईला डॉक्टर होता. मतं मूठभर लोकांच्या हातात असली की मतांची किंमत अशी नोकऱ्यांत चुकती होते. फरक इतकाच की इथे मत एका देशात पडत होतं आणि नोकरी दुसऱ्याच देशाच्या तिजोरीतून निघत होती. मुंबई इलाख्याच्या रयतेचा सारा मॉन्ट्रोझच्या कौन्सिलमधल्या एका मताशी जोडलेला होता.

ह्यूमला मात्र एवढ्यावरच निकालात काढता येत नाही. माणूस मोठा होता. सरकारी खर्चाच्या पैन् पैचा हिशोब मागणारा, जवळपास चाळीस वर्षं प्रत्येक अंदाजपत्रक खरवडून काढणारा. कामगारांनी संघटना करणं गुन्हा ठरवणारे कायदे १८२४ मध्ये रद्द झाले त्यात त्याचा मोठा वाटा. आणि १६ ऑगस्ट १८३१ रोजी, मताधिकार सुधारणेच्या विधेयकावर चर्चा चालू असताना, त्याने संसदेत सुचवलं की वसाहतींनाही या सभागृहात जागा द्या: एकूण १९ प्रतिनिधी, त्यातले ४ हिंदुस्थानचे. प्रस्ताव मतदानापर्यंतसुद्धा गेला नाही. त्यातून आपल्या रयतेला मत मिळालं असतं असं मी म्हणत नाही. पण जिथले निर्णय हे सभागृह घेतं तिथला माणूस या सभागृहात असावा, हा विचार तिथे मोठ्याने बोलणारा माणूस मॉन्ट्रोझचा होता.

१८३२ मध्ये सुधारणा झाली. ॲबरडीन स्वतंत्र झालं, त्याच्या जागी फोर्फर आलं, आणि पाच गावांचा मॉन्ट्रोझ बरोज मतदारसंघ जन्माला आला. कौन्सिलच्या प्रतिनिधींची पद्धत संपली. दहा पौंड किमतीच्या घराचा ताबा असलेला पुरुष स्वतः मत देऊ लागला. सगळ्या स्कॉटलंडमध्ये मतदार पाच हजारही नव्हते, ते एका कायद्याने पासष्ट हजारांच्या घरात गेले. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ह्यूम १८४१ मध्ये लीड्सला हरल्यानंतर १८४२ मध्ये या मतदारसंघातून पुन्हा संसदेत आला आणि १८५५ मध्ये मरेपर्यंत इथलाच खासदार राहिला. मॉन्ट्रोझच्या हाय स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे. त्याचा मुलगा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हे नाव आपण शाळेत पाठ केलेलं आहे. राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरायचं ठरलं होतं, पुण्यात पटकी आली म्हणून ते २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं, ७२ प्रतिनिधी आले, हे सगळं आपल्याला येतं. बापाचं गाव मात्र आपल्या घरापासून आगगाडीने तासाभरावर आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल? मला स्वतःला डंडीत राहायला लागून कित्येक वर्षं होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

ह्यूमनंतर तीस वर्षं डंडीच्या कापड कारखानदारांच्या घराण्यातले विल्यम बॅक्स्टर, मग शायरेस विल नावाचे एक वकील. दोघेही उदारमतवादी. ही पाच गावं उदारमतवाद्यांचा बालेकिल्लाच होती. म्हणून तर १८९५ मध्ये न्यूकॅसलला पराभव झालेल्या एका बड्या नेत्यासाठी १८९६ मध्ये इथली जागा मोकळी करून देण्यात आली. तो नेता जॉन मोर्ले.

मोर्लेसाहेब म्हटलं की आपल्याला ‘मोर्ले-मिंटो सुधारणा’ हा परीक्षेतला प्रश्न आठवतो. पण त्या सुधारणांच्या आधीच्या पिढीतल्या पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या माणसांसाठी ते नाव देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं होतं. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा शिष्य, पंतप्रधान ग्लॅडस्टनचा सहकारी आणि चरित्रकार, आयर्लंडच्या स्वराज्याचा कैवारी. डिसेंबर १९०५ मध्ये ते भारतमंत्री झाले आणि त्याच महिनाअखेरीस बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बोलताना गोपाळ कृष्ण गोखले म्हणाले की इथल्या अनेक सुशिक्षितांना मोर्ले गुरुस्थानी आहेत. हृदय आशा धरतं आणि तरी कापतं, पूर्वी कधी धरली नव्हती इतकी आशा आणि कधी कापलं नव्हतं इतकं. गोखल्यांचं हे वाक्य वाचताना आजही घशाशी काहीतरी येतं. पुढच्याच फेब्रुवारीत गुरूंनी संसदेत बंगालच्या फाळणीला ठरून गेलेली गोष्ट म्हटलं. १९०६ च्या उन्हाळ्यात गोखले लंडनमध्ये त्यांना पुनःपुन्हा जाऊन भेटत राहिले. १९०७ मध्ये लाला लजपतरायांना खटल्याविना मंडालेला धाडण्यात आलं, १८१८ च्या एका जुन्या नियमाच्या आधारे, आणि संसदेत त्याचं समर्थन केलं मोर्ल्यांनीच.

आणि २१ ऑक्टोबर १९०७ रोजी ते आर्ब्रोथला, आपल्या मतदारांपुढे हिशोब द्यायला उभे राहिले. ते भाषण छापलेलं आहे, सहज मिळतं. मला त्याच्याबद्दलच मुख्यतः बोलायचं आहे. जवळजवळ सगळं भाषण हिंदुस्थानावर आहे. समोर बसलेले लोक कोण? शिडाचं कापड विणणाऱ्या, बूट शिवणाऱ्या, मासे धुरावणाऱ्या गावातले दुकानदार, कारागीर, गिरण्यांतले कामगार. त्यांच्यापुढे त्या विद्वान मंत्र्याने सांगितलं की कॅनडाला जे स्वराज्य मानवलं ते हिंदुस्थानलाही मानवेल असं म्हणणं ही राजकारणातली सगळ्यात मोठी चूक आहे. आणि उदाहरण दिलं ते असं: कॅनडाच्या थंडीत केसाळ कातड्याचा कोट फार सुखाचा असतो, म्हणून तो दख्खनमध्येही घालून सुख होईल असं म्हणण्यासारखं हे आहे.

दख्खनमध्ये! अख्ख्या हिंदुस्थानातून त्यांनी दख्खन निवडलं. आपलं दख्खन.

याच भाषणात त्यांनी ‘अधीर आदर्शवादी’ माणसाबद्दल सांगितलं. मी त्याला ओळखतो, तो मला आवडतो, मीही एकेकाळी तसाच होतो, असंही म्हणाले. बरोबर आहे तर आज का नाही, आत्ता का नाही, असं तो विचारतो. पण इतिहासातले कितीतरी अनर्थ या अधीरपणातून झाले. पुण्यात गायकवाड वाड्यात बसून ‘केसरी’ लिहिणाऱ्या माणसाचं इतकं नेमकं वर्णन आर्ब्रोथच्या श्रोत्यांनी ऐकलं, आणि त्यातल्या फार थोड्यांना तो माणूस कोण हे माहीत असेल.

आता ती १८३२ ची तारीख परत काढा. कॅनडाचा कोट दख्खनला नको, ठीक. मग दख्खनला दिला कोणता? १८९२ च्या कायद्याखाली मुंबईच्या कायदेमंडळात आपले काही लोक घेतले जाऊ लागले ते कसे, तर नगरपालिका आणि लोकल बोर्ड यांच्या गटांनी प्रतिनिधींमार्फत नाव सुचवायचं. १८९५ मध्ये टिळक मध्य विभागाच्या लोकल बोर्डांतर्फे कायदेमंडळात गेले ते असेच. मोर्ल्यांच्या १९०९ च्या कायद्यानेही मुंबई इलाख्यात नगरपालिकांचे गट आणि बोर्डांचे गट हेच चालू ठेवलं. म्हणजे गावोगावच्या कौन्सिलांनी प्रतिनिधी पाठवायचे आणि त्यांनी मिळून एक माणूस निवडायचा. मॉन्ट्रोझ, आर्ब्रोथ आणि ब्रीकिनने हीच पद्धत सडलेली म्हणून १८३२ मध्ये अंगावरून काढून टाकली होती. सत्त्याहत्तर वर्षांनी तिथल्याच माजी खासदाराच्या हातून तो उतरवलेला कोट आपल्या खांद्यावर आला, त्यावर विभक्त मतदारसंघांचं वेगळं ठिगळ लावून. इतिहासकारांनी हे दोन धागे शेजारी ठेवून नीट पाहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मी काही इतिहासकार नाही. पण दोन्ही भाषा येणारे आणि दोन्ही ठिकाणं पायाखालची असलेले लोक आपल्याखेरीज दुसरे कोण आहेत?

इथल्या निवडणुकांचा एक शब्द तुम्हाला माहीत आहे, हेकलिंग. अंबाडीसारख्या जवसाच्या झाडाचा धागा काट्यांच्या फणीने विंचरायचा, त्या कामाला हा शब्द. डंडी आणि आसपासच्या गावांतले हे विंचरणारे कामगार मोठे फटकळ. एकजण वर्तमानपत्र वाची, बाकीचे काम करता करता वाद घालत. सभेत उमेदवाराला उभं-आडवं विंचरून काढायची चाल त्यांच्यावरून पडली, असं इथे मानतात. भाषण संपलं की मतदार उठून जाब विचारणार आणि उमेदवाराने उत्तर द्यायचंच, हा या भागातल्या निवडणुकीचा रिवाज होता. आर्ब्रोथच्या कुणाही मतदाराला उठून विचारता आलं असतं, साहेब, लजपतरायांवर खटला का नाही? पुण्यातल्या गोखल्यांना तो हक्क नव्हता. त्यांना भेटीची वेळ मागून घ्यावी लागत होती. तीस कोटी लोकांवरच्या मंत्र्याला मतपेटीतून घरी पाठवू शकणारी माणसं जगात फक्त या पाच गावांत होती, आणि तीही काही हजार.

पुढच्या वर्षी तेही राहिलं नाही. मंत्रिमंडळ बदललं, मोर्ले लॉर्ड झाले, वरच्या सभागृहात गेले. भारतमंत्रिपद तेच, पण आता जाब विचारायला एकही मतदार नाही. मे १९०८ च्या दुसऱ्या आठवड्यात पाच गावांत पोटनिवडणूक झाली. मताधिकार मागणाऱ्या बायका सभा घेत हिंडत होत्या, मजूर पक्षाचा उमेदवार उभा होता, रॉबर्ट हार्कोर्ट निवडून आले. त्याच आठवड्यात, १२ मे रोजी, ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख आला. ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. २४ जूनला टिळकांना अटक, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. मोर्ल्यांनी मुंबईच्या गव्हर्नराला खासगीत कळवलं की मला विचारलं असतं तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका असंच सांगितलं असतं. मी हे वाचून मोर्ल्यांवर जास्त रागावलो. पटत नव्हतं तर शिक्षा रद्द करायला हात कुणी धरला होता?

पुढचं थोडक्यात. १९१८ मध्ये सगळ्या पुरुषांना आणि तीस वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांना मत मिळालं. १९३० नंतर उदारमतवाद्यांची फाटाफूट झाली आणि बालेकिल्लाही त्यातच गेला. जॉन मॅक्ले हे इथले शेवटचे खासदार. १९५० मध्ये विखुरलेल्या गावांच्या या गटाची जागा एकसंध प्रदेशाच्या मतदारसंघांनी घेतली. आज आर्ब्रोथचा खासदार वेगळा, मॉन्ट्रोझ-ब्रीकिन-फोर्फरचा वेगळा, इन्व्हरबर्व्हीचा तिसराच. आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनानंतर महिन्याभरात ब्रिटनमध्ये निवडणूक झाली आणि मॉन्ट्रोझ बरोज हे नाव मतपत्रिकेवरून गेलं. तिकडे दख्खनमध्ये प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाच्या नावाची मतदारयादी तयार होत होती.

तर माझी विनंती अशी. २१ ऑक्टोबरच्या जवळच्या शनिवारी आपण आर्ब्रोथला जाऊ. डंडीहून किनाऱ्याने गाडी वीसएक मिनिटांत पोचते. मठाच्या लाल दगडांच्या भिंतींपाशी बसू, जिथून १३२० मध्ये स्कॉटलंडच्या सरदारांनी आपलं स्वातंत्र्य मान्य करा म्हणून पोपला पत्र लिहिलं. तिथे मोर्ल्यांचं भाषण मोठ्याने वाचू, आणि त्याच्या पाठोपाठ ‘केसरी’चे ते दोन अग्रलेख. ज्यांना इंग्रजी लिहिण्याचा सराव आहे त्यांनी अग्रलेखांचं इंग्रजी करावं. ज्यांचं मराठी चांगलं आहे त्यांनी भाषणाचं मराठी. दोन्ही मिळून एक छोटी पुस्तिका छापू आणि पाचही गावांच्या वाचनालयांत नेऊन देऊ. मुलांना बरोबर आणा. इथे शाळेत जाणाऱ्या मुलांना ‘आपला’ इतिहास आणि ‘इथला’ इतिहास असे दोन कप्पे करावे लागतात. हा कप्पा एकच आहे.

आणखी एक काम आहे, जरा चिकाटीचं. ‘मॉन्ट्रोझ रिव्ह्यू’ आणि ‘आर्ब्रोथ हेराल्ड’ या वर्तमानपत्रांचे ऑक्टोबर १९०७ चे अंक शोधून बसून वाचायचे आहेत. मोर्ल्यांचं भाषण तर पुस्तकात आहे. मला हवे आहेत ते भाषण संपल्यावर कुणी विचारले असतील ते प्रश्न. एकाने जरी उठून हिंदुस्थानाबद्दल विचारलं असेल तर त्याचं नाव आपल्याला ठाऊक असायला हवं. या कामाला माझ्याबरोबर दोघं-तिघं मिळाले तर हिवाळ्यातल्या शनिवारांत ते होईल.

दुपारनंतर मॉन्ट्रोझला जाऊ. गावाच्या मागे खाडीचं मोठं तळं आहे, ऑक्टोबरमध्ये आइसलंडहून हजारो रानहंस तिथे उतरलेले असतात. हाय स्ट्रीटवर ह्यूमच्या पुतळ्यापाशी थांबू. डबा घरून आणावा. चहाची सोय मी करतो. येणाऱ्यांनी घरी ‘केसरी’तल्या लेखांचा संग्रह असेल तर तो जरूर आणावा, माझी प्रत फार जीर्ण झाली आहे.

आपला नम्र,
डंडीतला एक मराठी रहिवासी